बॅकमास्तरांची हरळी

गंगाखेडच्या स्टेशन रस्त्यावर रोज सकाळी एक माणूस उलटा चालत येत असे. तोंड स्टेशनकडे, चाल गावाकडे. अंगात उन्हाने विटलेला निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. ऑटोवाले त्यांना वळसा घालून जात. दूधवाले हॉर्न वाजवत नसत. परगावचा माणूस मात्र थांबून बघत राही. मग पानटपरीवाला त्याला सांगे, "काई झालं न्हाई त्यांना. बॅकमास्तर हायेत. असेच चालतेत."

फुटबॉलमध्ये आपल्या गोलासमोर उभे राहून हल्ला अडवणाऱ्या खेळाडूला बॅक म्हणतात. मास्तरांनी उमेदीची सगळी वर्षे तेच काम केले. आधी हैदराबादेत एका सरकारी खात्याच्या संघात, नंतर पगारी खेळाडू म्हणून गोव्यातल्या आणि कोलकात्यातल्या क्लबांत. पुढे काही वर्षे एका क्लबाच्या लहान मुलांना शिकवले आणि केस पांढरे झाल्यावर गावी परत आले. गावातल्या एका शिक्षण संस्थेने त्यांना मानधनावर कोच नेमले. संस्थेच्या शाळेमागे मोठे मैदान होते आणि मैदानासमोर चहाचे एक हॉटेल. त्या हॉटेलाच्या वरच्या खोलीत मी राहत असे. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. खिडकीतून मैदान दिसे, त्यामुळे इथे लिहिलेले बरेचसे मी पाहिलेले आहे.

उलटे का चालता, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले होते.

"पुढं चालायला सगळ्यांलाच येतंय," ते म्हणाले. "बॅकला मागं पळता आलं पायजे. अन् मागं पळताना मागं बघायचं न्हाई. समोरच्यावरून नजर काढली की गेला तो."

"मग धडकत नाही तुम्ही?"

"मागं काय हाय ते आधीच बघून ठेवायचं असतंय."

एकदाच ते धडकले. रस्त्याकडेला कुणीतरी नव्याने म्हैस बांधली होती. म्हशीचा मालक धावत आला आणि माफी मागू लागला. मास्तर ट्रॅकसूट झटकत म्हणाले, "म्हशीची चूक न्हाई. माझी पोझिशन चुकली."

हॉटेलात ते नेहमी भिंतीला पाठ लावून बसत. तिथली जागा मोकळी नसेल तर उभ्यानेच चहा घेत. लग्नात मांडवाच्या दाराशी उभे राहत. यजमान आग्रह करी, "मास्तर, बसा की समोर, सोफ्यावर." त्यावर ते म्हणत, "मागं मोकळं हाय." यजमानाला काही कळत नसे, पण मास्तरांचे कुणी मनावर घेत नसे.

माणसाकडे बघण्याची त्यांची जागा ठरलेली होती. ते कंबरेकडे बघत. "तोंड खोटं बोलतंय, डोळे खोटं बोलतेत, पाय तर लय खोटं बोलतेत. कंबर खोटं बोलत न्हाई. ज्या दिशेला कंबर, त्या दिशेला माणूस." एकदा हॉटेलात एक पुढारी सगळ्यांशी हात मिळवत होते. "बसा, बसा, चहा सांगा सगळ्यांला, मी हाय ना," असे त्यांचे चालले होते. मास्तर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "निघाले." चहा येण्याआधी पुढाऱ्यांची गाडी सुरू झाली होती.

आपल्या संघाने गोल केला की मास्तर हात वर करत नसत. सगळी पोरे एकमेकांच्या अंगावर पडत असताना ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे, आपल्या बॅककडे बघत. "गोल झाला की सगळे येडे होतेत. तवाच गोल बसतो." आपल्यावर गोल झाला, तर त्यांचा एकच नियम होता. सगळ्यात जवळच्या बॅकने मागे वळायचे, खाली पडलेल्या गोलकीपरला हात द्यायचा आणि उभे करायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही. "त्याला ठावं असतंय काय झालं ते. तू सांगायची गरज न्हाई." हा नियम मोडणाऱ्याला ते त्या दिवशी परत खेळायला घेत नसत. चांगला खेळणारा असला तरी नाही.

गोव्यात, कोलकात्यात त्यांनी काय काय जिंकले हे मी अनेकदा विचारले. बातमीला ते लागते. त्यांना ते आठवत नसे, किंवा सांगायचे नसे. त्यांना गवत आठवे. हैदराबादच्या मामाकडे ते कोवळ्या वयात गेले, तेव्हा एका म्हाताऱ्या उस्तादाने त्यांना पहिल्यांदा गवताच्या मैदानावर नेले आणि सांगितले, "मिट्टी पे बहुत खड़े रहे मियाँ, अब घास पे गिरो." ते पडले. अंग घसरत गेले, पाय चेंडूला लागला आणि कुठेही खरचटले नाही. गोव्याच्या गवताखाली तांबडी माती होती आणि ती पाणी धरून ठेवत नसे. कोलकात्याच्या गवतात पावसाळ्यात पाय रुते. हे सगळे ते दुसरा माणूस गावोगावच्या जेवणाबद्दल सांगेल तसे सांगत.

आमच्या मैदानावर गवत नव्हते. गंगाखेडची माती काळी. पावसाळ्यात ती बुटाला चिकटून येते आणि पोर पाय उचलेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. हिवाळ्यानंतर ती वाळते आणि दगडासारखी होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एकदा मास्तरांची शिट्टी अशाच एका भेगेत पडली, ती काडीने उकरूनही वर आली नाही. असल्या जमिनीवर कुणी आपणहून पडत नाही. आणि मास्तरांच्या मते जो पडत नाही तो बॅक नाही. समोरचा खेळाडू एकदा पुढे निघाला की त्याच्या पायातला चेंडू काढायचा एकच रस्ता उरतो. अंग जमिनीवर टाकायचे, घसरत जायचे, चेंडू तेवढा काढायचा आणि लगेच उठायचे. "पडणं हे अर्धं काम. उठणं अर्धं."

संध्याकाळी सराव संपला की ते हॉटेलात भिंतीला टेकून डोळे मिटत. मग कुणाला उद्देशून नाही, असे म्हणत, "आता पाणी मारायलेत तिकडं." तिकडे म्हणजे कुठे, हे ते सांगत नसत. जिथे जिथे ते खेळले होते तिथे या वेळी मैदानावर पाणी मारतात, एवढे आम्हाला कळे. हॉटेलवाला त्यांच्यासमोर चहा ठेवी.

त्यांचे थोरले भाऊ गावाबाहेर शेतातच राहत. ऊस, सोयाबीन, थोडी ज्वारी. मास्तर त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादा म्हणू लागलो. वडील लवकर गेल्यावर शेत दादांनी अंगावर घेतले, म्हणून मास्तरांना हैदराबादेला जाता आले. हे मास्तरांनीच मला सांगितले. दादांनी भावाचा एकही सामना पाहिला नव्हता. "कवा बघणार?" दादा म्हणाले. "मॅच असायची सुगीत, न्हाईतर पेरणीत." एकदा टीव्हीवर सामना दाखवणार होते. दादांनी सगळी आळी गोळा केली. सामना सुरू होताना लाइट गेली. आली तेव्हा बातम्या चालू होत्या.

भावाचे काम दादांना कसे कळले, त्याची गोष्ट दोघेही सांगत. मास्तर पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा दादांनी विचारले, "किती गोल मारलेस?"

"एक बी न्हाई."

"मंग पगार कशाचा देतेत तुला?"

"होऊ दिले न्हाई त्याचा."

दादांनी विचार केला. "म्हंजे राखण."

"हौ. राखणच."

राखण दादांना कळत होती. त्यानंतर त्यांनी कधी गोल विचारले नाहीत.

शाळेतल्या अश्विनीलाही मास्तरांनी राखण करतानाच पाहिले. तिचे घर मेंढपाळाचे. मेंढ्या, शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. शाळा सुटल्यावर ती शेळ्या घेऊन रस्त्याकडेला उभी होती आणि पलीकडे ज्वारी उभी होती. एक शेळी पिकाकडे निघाली. मुलगी शेळीच्या मागे धावली नाही. ती शेळी आणि ज्वारी यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि शेळी जिकडे वळेल तिकडे आडवी सरकत राहिली. शेवटी शेळी कंटाळली. मास्तर सायकल लावून हे बघत होते. "ही बॅक हाय," ते मला त्या संध्याकाळी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी गेले.

वडील तयार झाले. आई तयार नव्हती. पोरीला खेळायला पाठवायला तिची हरकत नव्हती, हरकत होती ती जमिनीबद्दल. "मास्तर, तुमच्या त्या ग्राउंडवर पोरं पडतेत तवा गुडघ्याचं कातडं ऱ्हात न्हाई. मी बघितलंय. माझी पोरगी तिथं पडायची न्हाई. उभ्यानं खेळायचं असंल तर न्या."

मास्तर म्हणाले, "गवत येईस्तोवर पोरगी पडणार न्हाई. माझा शब्द."

"अन् गवत कवा येणार?"

"ते माझ्याकडं लागलं."

तो शब्द त्यांना महागात पडला. परभणीला झालेल्या एका सामन्यात शेवटी शेवटी समोरची एक मुलगी चेंडू घेऊन अश्विनीच्या बाजूने निघाली. अश्विनी एक पाऊल मागे होती. पडली असती तर चेंडू निघाला असता. तिने पळता पळता मास्तरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, नाही. गोल झाला आणि सामना गेला. अश्विनी मागे वळली, कीपर मुलीला हात देऊन उभे केले आणि काही बोलली नाही. परतीच्या एसटीत मात्र ती मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली.

"मला पडता येतं," ती म्हणाली.

"ठावं हाय."

"मंग?"

"शब्द हाय."

"मंग गवत आणा की लवकर, मास्तर! नुसतं 'पाणी मारायलेत, पाणी मारायलेत' काय करायलात?"

मागच्या बाकावरची पोरे हसली. मास्तरही हसले. पण त्यानंतर ते गवताच्या मागे लागले.

आधी त्यांनी वाळूचा प्रयोग केला. गोदावरीतून सायकलवर दोन पोती वाळू आणताना रस्त्यात तहसीलच्या एका कर्मचाऱ्याने त्यांना अडवले. नदीतली वाळू चोरीला जाण्याचे ते दिवस होते. "मास्तर, तुमी बी?" तो म्हणाला. मास्तरांनी पोती तिथेच रिकामी केली. मग उसाचे चिपाड पसरून पाहिले. ते वाऱ्याने हॉटेलात आले. शहरातून गवताचे गालिचे आणायचा विषय संस्थेत निघाला आणि तिथेच संपला.

आणि एका रविवारी दादांच्या शेतात जेवायला गेलेले असताना त्यांचे लक्ष धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे गेले. धुऱ्यावर हरळी माजली होती.

हरळी हे आमच्याकडे गवताचे नाव नाही, शिवी आहे. एकदा रानात शिरली की पीक खाते. वर कापली तर खालून येते, खणली तर तुटलेल्या प्रत्येक कांडीतून येते. माणसे पिढ्यान्‌पिढ्या ती खणतात, उन्हात वाळवतात आणि जाळतात. एखाद्याच्या रानात हरळी दिसली तर त्याच्या मुलाला सोयरीक सांगून येणारा माणूस विचार करतो. त्या हरळीपुढे मास्तर उकिडवे बसले आणि तिच्यावरून तळहात फिरवत राहिले. ते त्यांनी स्वतः मला सांगितले. "चाळीस गावचं गवत बघितलं, अन् आपल्या धुऱ्यावरचं दिसलं न्हाई."

दादांना मात्र त्यांनी काही सांगितले नाही. मैदानात हरळी लावायला नेतो म्हटले असते तर दादा हसले असते, आणि ते हसणे सगळ्या शिवारात गेले असते. मास्तर एवढेच म्हणाले, "दादा, ही हरळी मी काढून नेतो. तुला कशाला तरास?"

दादा थक्क झाले. जन्मभर शेतातले काम न केलेला भाऊ दर रविवारी कुदळ घेऊन येऊ लागला. मुळासकट हरळी खणायचा, पोत्यात भरायचा, सायकलवर बांधून घेऊन जायचा. एक कांडी मागे ठेवत नसे. दादांनी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. "बारका आता शेतात लक्ष घालायलाय. हरळीवर तर असा तुटून पडतो, की बघत ऱ्हावं. लय राग हाय त्याला हरळीचा."

पोती मैदानावर रिकामी होत. सगळे मैदान मास्तरांच्या आवाक्यातले नव्हते. त्यांनी एका गोलासमोरचा तुकडा धरला. बॅक पडतो तो तिथेच. अश्विनीच्या वडिलांनी उन्हाळ्यात आपल्या मेंढ्या काही रात्री त्या तुकड्यावर बसवल्या. शेतात खतासाठी मेंढ्या बसवतात हे सगळ्यांना माहीत होते, फुटबॉलच्या मैदानात बसवलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. पावसाळा लागल्यावर पोरांनी हरळीच्या कांड्या मातीत खोचल्या. शाळेच्या बोअरवरून घागरींनी पाणी आणले. पहिल्या वर्षी निम्मी जगली. दुसऱ्या वर्षी तुकडा भरला. खिडकीतून बघताना काळ्या मैदानावर ती हिरवी चौकट आधी विचित्र वाटे, मग तिच्याकडेच नजर जाऊ लागली.

हिवाळ्यात मास्तरांचा बरीच वर्षे दुखणारा खुबा अगदी कामातून गेला. उलटे चालणे बंद झाले, मग सरळ चालणेही जड जाऊ लागले. ऑपरेशनसाठी हैदराबादला जायचे ठरले. तिथे एक जुना सोबती होता, बरे होईपर्यंत त्याच्याकडे राहायचे होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी अश्विनी त्या तुकड्यावर उभी होती.

"मास्तर, आता पडू का?"

त्यांनी गवत दाबून पाहिले. "मी आल्यावर. पहिल्यांदा पडताना मी पायजे. पाय कुठं जातोय ते बघावं लागतंय."

"तुमी कवा येणार?"

"नवा खुबा बसवतेत, अन् येतो. पयल्यासारखा उलटा चालत."

ते रेल्वेने गेले. त्यांचा मुक्काम लांबला. इकडे ऊन वाढले, शाळेचा बोअर आटला आणि हरळी वरून पिवळी पडली.

दादा त्या दिवसांत कधीतरी बाजाराला आले होते. भावाचे ग्राउंड बघावे म्हणून ते आत गेले. त्यांना दिसले ते असे: भाऊ दवाखान्यात पडला आहे, आणि त्याच्या मागे त्याचे रान हरळीने खाल्ले आहे. ज्या भावाने त्यांचा धुरा काडी काडी करून मोकळा केला, त्याच्या रानाची ही गत. दादांनी कुणाला विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही नव्हते. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, पोरे गावोगाव पांगली होती आणि मी जिल्ह्याला गेलो होतो. त्यांनी बैलजोडी आणली. आधी नांगर घातला, मग वखराच्या पाळ्या दिल्या, मग घरची माणसे लावून मुळ्या वेचल्या आणि पेटवून दिल्या. हॉटेलवाल्याला वाटले, मास्तरांनीच सांगितले असेल.

मी परत आलो तेव्हा खिडकीसमोर काळा चौकोन होता. कडेला राख.

मास्तर आले तेव्हा दादा त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते. घरी नेण्याआधी त्यांनी ऑटो मैदानात घेतला. मी खाली उतरलो. अश्विनी आणि आणखी काही पोरे येऊन थांबली होती. मास्तर वॉकर टेकत गोलापर्यंत गेले.

"बघ," दादा म्हणाले. "काडी ठिवली न्हाई. नांगरलं, वखरलं, वरून माणसं लावून येचून घेतलं. लय माजली व्हती. तू माझा धुरा मोकळा केलास, मी तुझं ग्राउंड केलं."

माती पिठासारखी भुसभुशीत झाली होती. इतके स्वच्छ रान त्या शिवारात दुसरे नसेल. मास्तर हसत होते. मी त्यांनीच शिकवलेल्या जागी पाहिले. कंबरेत ते खचले होते आणि सगळा भार वॉकरच्या दोन दांड्यांवर आला होता.

अश्विनीने तोंड उघडले. मास्तरांनी तिच्याकडे न बघता मान हलवली, नाही. मग एक हात वॉकरवरून काढला आणि दादांचा हात धरला.

"लय कष्ट घेतलेस, दादा."

"कशाचे कष्ट? तुझ्यासाठी एवढं बी करू नये?" दादांचे डोळे भरून आले होते.

दादा ऑटोकडे गेल्यावर मास्तर पोरांना म्हणाले, "कीपरला कुणी बोलायचं न्हाई." संध्याकाळी हॉटेलात मलाही त्यांनी तेच बजावले. "तुमचा धंदाच सांगायचा हाय म्हणून म्हणतो. दादाला कळता कामा नये." मग म्हणाले, "पाऊस झाला की परत लावू. हरळी हाय ती. उसासारखी रुसत न्हाई." डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आता पाणी मारायलेत तिकडं."

पावसापर्यंत ते राहिले नाहीत. उन्हाळ्यातच एका दुपारी हॉटेलात भिंतीला टेकून बसलेले असताना गेले. समोर चहा होता. हॉटेलवाल्याला वाटले, डोळे मिटून गवत आठवत आहेत, म्हणून त्याने बराच वेळ हाक मारली नाही. बातमी मीच दिली. कोणत्या संघांतून खेळले, किती वर्षे शिकवले, अंत्यसंस्काराला कोण कोण होते. हरळीचा त्यात उल्लेख नव्हता.

पावसाळ्यात दादा सकाळी सकाळी मैदानावर दिसू लागले. हातात खुरपे. नांगराने तुटलेल्या मुळ्यांचे तुकडे मातीत राहिले होते आणि पाऊस पडताच जागोजाग हरळीचे कोंब वर आले होते, आधीपेक्षा दाट. दादा उकिडवे बसून एकेक उपटत. त्यांना स्वतःच्या शेताला तेव्हा वेळ नव्हता, तरी ते येत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "त्याचं ग्राउंड हाय. तो गेल्यावर हरळी माजली, असं कुणी म्हणू नये."

एका सकाळी अश्विनी आली. दादांच्या समोर, त्यांचा हात आणि गवत यांच्यामध्ये उभी राहिली. दादा बाजूला सरकले. तीही सरकली.

"काय गं? सर की बाजूला."

"काका, हे ऱ्हाऊ द्या."

"कामून?"

तिने माझ्याकडे पाहिले. मास्तरांनी बोलायचे नाही म्हणून सांगितले होते. मी खुरप्याकडे पाहिले. तिचे तिनेच ठरवले.

"हे मास्तरांनी लावलंय," ती म्हणाली. "तुमच्या धुऱ्यावरून आणून. मेंढ्या बसवून, पाणी घालून. पडायला लागतंय म्हणून."

दादांच्या हातात उपटलेली मूठभर हरळी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. "रविवारी नेत व्हता ती?"

"हौ."

"अन् म्या जाळलेली?"

अश्विनी पुढे झाली आणि तिने हात दिला. दादा तो धरून उठले. ती काही बोलली नाही. दादा तसेच निघून गेले. खुरपे तिथेच राहिले.

ते आले दुसऱ्या दिवशी, बैलगाडी घेऊन. गाडीत हरळी होती, मुळासकट, ओल्या पोत्यात गुंडाळलेली. मास्तरांनी कांड्या जशा जमतील तशा खोचल्या होत्या. दादांनी सरी पाडली आणि उसाचे बेणे लावतात तशी हरळी लावली, प्रत्येक कांडीचा डोळा बघून, माती दाबून. रस्त्याने जाणारे शेतकरी थांबून बघत. एक जण ओरडला, "दादा, ध्यान हाय का जाग्यावर? हरळी लावायलात?" दादांनी मान वर केली नाही. पाऊस उघडल्यावर त्यांनी उसातले तुषार सिंचनाचे पाइप आणून जोडले. आता संध्याकाळी हॉटेलात बसले की मैदानावरून पाण्याचा आवाज येतो.

हिवाळ्यात तुकडा भरून आला. अश्विनीची आई एका संध्याकाळी स्वतः मैदानावर आली. अनवाणी पायाने तिने गवत दाबून पाहिले. "पड आता," ती म्हणाली. "मास्तरनं दिलेला शब्द पुरा झाला."

एक मुलगा चेंडू घेऊन गोलाकडे निघाला. अश्विनी एक पाऊल मागे होती. तिने अंग टाकले. ओल्या गवतावरून घसरत गेली, पाय चेंडूला लागला, चेंडू रेषेबाहेर गेला. गवतात एक लांब पट्टा उमटला. ती उठली. आईने आधी तिचे गुडघे पाहिले. ते हिरवे झाले होते.

दादा गोलाच्या खांबाशी उभे होते. बराच वेळ ते त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तो असाच पडायचा का?"

मी मास्तरांचा एकही सामना पाहिला नव्हता. गावात कुणीच पाहिला नव्हता. तसे मी सांगितले.

"असंच शिकवलंय त्यांनी, काका," अश्विनी म्हणाली. "पण माझ्यापरीस लवकर उठायचे म्हणं."

दादांनी खांबाला पाठ टेकली आणि खाली बसले.

"मंग परत पड," ते म्हणाले.